काकूंच्या कोनाड्यातला सर्व्हर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आम्ही बाळापूरहून बोलतोय. अकोला जिल्ह्यातलं, मन नदीकाठचं, किल्ल्याचं बाळापूर. आमचे अकरा बचत गट आहेत. आज आम्ही बचतीबद्दल नाही, बचतीच्या वहीबद्दल बोलणार आहोत.

'सर्व्हर' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण ऐकतो तो एकाच वाक्यात. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. त्यामुळे आपल्याला वाटतं की सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी बसलेला मोठा साहेब, आणि त्याची मर्जी नसली की आपलं काम अडलं. आम्हालाही तसंच वाटायचं. आता आमचा स्वतःचा सर्व्हर आहे आणि तो आमच्या गटातल्या एका काकूंच्या घरी, भिंतीतल्या कोनाड्यात बसलेला आहे. तो तिथे कसा गेला ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. एका गटाच्या सचिव ताईंच्या घरी टिनपत्र्याखाली लोखंडी पेटी होती. तिच्यात मीटिंगची वही, कर्जाची खतावणी आणि सगळ्या जणींची पासबुकं. पासबुक खरं तर ज्या बाईचं तिच्या घरी असायला पाहिजे. पण हरवतं, लेकरं फाडतात, म्हणून आम्हीच एका जागी ठेवायला सांगितलं होतं. रात्रभर झड लागली, पत्रा गळला आणि सकाळी पेटीत पाणी. बॉलपेननं लिहिलेलं वाचता येत होतं. जेलपेननं लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलं. त्या वर्षी नेमकी आम्ही जेलपेनं वाटली होती, अक्षर सुंदर येतं म्हणून.

आम्हाला तरी फार काळजी वाटली नाही, कारण दर मीटिंगला आम्ही वहीच्या पानांचे फोटो काढत होतो. ते होते समन्वयकाच्या फोनमध्ये, म्हणजे आत्ता ही जी बाई तुमच्याशी बोलते आहे तिच्याच फोनमध्ये. तो फोन त्याच उन्हाळ्यात बंद पडला होता, दुरुस्त करून आणला होता, आणि दुरुस्तीत आतलं सगळं पुसलं गेलं होतं. फोटो गेले हे आम्हाला वही भिजल्यावर कळलं. काही फोटो इंटरनेटवरच्या मोफत जागेतही टाकलेले होते. ते खातं एका ताईंच्या मुलानं उघडून दिलं होतं. मुलगा पुण्याला कामाला गेला, पासवर्ड त्यालाही आठवेना, आणि पासवर्ड बदलायचा तर संदेश जायचा जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. चूक कोणा कंपनीची नव्हती. किल्ली आमच्या हातात नव्हती एवढंच.

आता यात नुकसान काय झालं? पैसे तर बँकेत होते. नुकसान झालं ते एका काकूंचं. त्यांचं अंतर्गत कर्ज होतं. त्या म्हणाल्या, "सहा हजार देले म्या, माह्या हातानं." बाकीच्या दोघी-तिघींना आठवत होतं चार हजार. खतावणीचं ते पान निळं. त्या दिवशीची रोख सगळ्यांची मिळून बँकेत एकत्र भरलेली, म्हणून बँकेच्या पासबुकावरूनही वेगळं काही निघेना. काकूंना लिहिता-वाचता येत नाही. चार मीटिंगा हाच विषय चालला. कोणी त्यांना खोटं म्हटलं नाही, पण खरंही म्हटलं नाही. पाचव्या मीटिंगला त्या आल्याच नाहीत.

दिवाळीनंतर एका ताईंच्या मुलीला जुन्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या पानाचा फोटो सापडला. कोणीतरी तेव्हा सहज पाठवलेला. स्पष्ट लिहिलं होतं, सहा हजार. खाली काकूंचा अंगठा. आम्ही सगळ्या जणी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. काकूंनी चहा केला, आम्ही प्यायलो. पण गटात परत त्या वर्षभर आल्या नाहीत.

१९९२ साली नाबार्डनं ५०० बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. तेव्हापासून आपल्यासारख्या बायांकडे बँक घर-शेत तारण मागत नाही, वही मागते. वही हेच आपलं तारण. आणि ते तारण आम्ही एका गळक्या पत्र्याखाली आणि एका फोनमध्ये ठेवलं होतं. सरकारी अ‍ॅपमध्ये ज्या नोंदी करायच्या त्या आपण करतोच, पण तिथे आकडा जातो. सहीचं, अंगठ्याचं पान आपल्यापाशीच राहतं.

आमच्यातल्या एका ताईंच्या मुलीनं आयटीआयमधून कोपा केलंय, म्हणजे संगणकाचा ट्रेड. ती म्हणाली, आपण आपला सर्व्हर करू. आम्ही हसलो. मग तिनं जे समजावलं ते इतकं सोपं निघालं की आधी कोणी का सांगितलं नाही असं झालं. सर्व्हर म्हणजे कायम चालू राहणारा संगणक, ज्याच्याकडे दुसरे संगणक किंवा फोन काहीतरी मागतात आणि तो देतो. लग्नातला वाढपी समजा. फरक इतकाच की तो पंगतीतून उठून जायचा नाही. आपण 'क्लाऊडवर ठेवलं' म्हणतो तेव्हा ते ढगात नसतं, नवी मुंबईसारख्या ठिकाणी मोठमोठ्या इमारतींत असे हजारो संगणक रांगेनं ठेवलेले असतात, त्यातल्या कशावर तरी असतं. त्यातलाच एक, लहानसा, आपल्या घरी ठेवायचा.

गावात संगणक ही काही नवी गोष्ट नाही. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात सहकारी साखर कारखान्याच्या आधारानं ७० गावं संगणकांनी जोडायचा प्रकल्प झाला होता. आपला ऊस किती गेला, पैसे किती झाले, हे शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावर कळायचं. पण गावोगावच्या यंत्रांची देखभाल महाग पडते, आणि यंत्रं जुनी होतात. पुढे २००६-०७ च्या सुमारास तिथल्या काही गावांत वेगळा प्रयोग केला गेला. शेतकऱ्यानं साध्या मोबाईलवरून एसएमएस करायचा आणि मध्ये ठेवलेल्या संगणकानं त्याला उत्तर द्यायचं. हे ऐकलं आणि आम्हाला आमचा रस्ता दिसला. अकरा गटांना अकरा संगणक नकोत. मध्ये एक यंत्र, आणि हातात आहेत तेच फोन.

आता सामान. आम्ही अकोल्याहून एक जुना लॅपटॉप घेतला, ८,५०० रुपयांना. डेस्कटॉप का नाही? दोन कारणं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, लाईट गेली तरी तो धाडकन बंद होत नाही. आमच्या तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच, सगळ्या महाराष्ट्राला वीज जाते. पण आमच्या गल्लीतली लाईट जायची ती जातेच. दुसरं कारण बिलाचं. नुसता बसून असलेला लॅपटॉप साधारण २० वॉट खातो. दिवसरात्र चालला तर महिन्याला १४-१५ युनिट. जुना डेस्कटॉप ८० वॉट धरला तर ५७-५८ युनिट होतात. हे बिल दर महिन्याला कोणीतरी भरायचं असतं, म्हणून आधीच हिशोब केलेला बरा. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणकही मिळतो, तो तर पाच वॉटच्या आसपासच घेतो. पण त्याला बॅटरी नसते आणि आमच्या मुलीला लॅपटॉपचा हात होता, म्हणून तो नको म्हटलं.

जुनी डिस्क काढून २४० जीबीची नवी एसएसडी टाकली, १,६०० रुपये. वायफायचा राउटर १,२००. लाईट गेल्यावर राउटर चालावा म्हणून त्याचा छोटा बॅकअप १,३००. आणि नक्कल ठेवायला बाहेरची एक हार्ड डिस्क, ४,२००. एकूण १६,८००. अकरा गटांत वाटले तर एका गटाला १,५३० च्या आत. २४० जीबी पुरेल का, हा प्रश्न एका ताईंनी विचारला आणि आम्हाला तो फार आवडला. गटाची महिन्याची बारा पानं धरली तर अकरा गटांचे वर्षाला १,५८४ फोटो. एक फोटो साधारण २ एमबी. सगळं मिळून सव्वातीन जीबीच्या आतच. आपल्या आयुष्यात भरणार नाही.

मुलीनं दोन रविवार बसून लॅपटॉपवर डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, ते फुकट असतं. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, ती सवय आधी मोडली. राउटरमध्ये त्याला एक पक्का घर-नंबर दिला, १९२.१६८.१.१०. नंबर बदलत राहिला तर फोनला घर सापडत नाही. मग साम्बा नावाच्या सोयीनं प्रत्येक गटाचं एक फोल्डर केलं. फोन त्या वायफायला जोडायचा, फोल्डर उघडायचं, वहीच्या पानाचा फोटो टाकायचा. टाकू सगळ्या सचिव शकतात, पण प्रत्येकीला आपल्याच गटाचं दिसतं. खोडायचा अधिकार फक्त दोघींना, आणि त्या दोघी वेगवेगळ्या गटांतल्या. आमच्या रोख पेटीलाही दोन कुलपं आहेत, तशीच ही दोन. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, सह्या करून त्याच रोख पेटीत ठेवलाय. पुण्याला जाणाऱ्या मुलाचा अनुभव एकदा आला तेवढा पुरे.

याला इंटरनेट लागत नाही, हे नीट ऐका. वायफाय आहे पण इंटरनेट नाही. पहिल्या आठवड्यात गल्लीतली पोरं फोन घेऊन दारात गोळा झाली. त्यातलं एक म्हणालं, "काय वं काकू, याच्यात यूट्यूब नाही लागत?" नाही लागत. पण त्यांची तोंडं बघून मुलीनं किविक्स नावाचं अ‍ॅप बसवलं आणि अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला. आता परीक्षेच्या दिवसांत ती पोरं येतात, ओट्यावर बसतात. या रेडिओवरची आपली जुनी भाषणंही आम्ही त्यात ठेवली आहेत.

आता खरी भानगड सांगतो. ठेवायचा कोणाच्या घरी?

पहिलं घर सुचलं अध्यक्ष ताईंचं. तिथे जागा होती, पण घरात वाचणारे, संगणक येणारे पुरुष चार. कोणत्या बाईनं कशासाठी पैसे उचलले हे गटाबाहेर जाऊ नये म्हणून आपण किती जपतो. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी घेतलेले असतात, कोणी नवऱ्याच्या नकळत पोरीच्या फीसाठी. दुसऱ्या घरी पत्रा. तिसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पावसाळ्यात पाणी येतं. मग कोणीतरी हळूच म्हणालं, काकूंचं घर. त्याच काकूंचं. पुढची खोली घरकुलाची, स्लॅबची, जोत्यावर उंच. एकट्या राहतात, मीटर स्वतःचं. आणि घरात वाचणारं कोणी नाही.

विचारायला जायचं कोणत्या तोंडानं? तरी गेलो. काकू आधी नाहीच म्हणाल्या. "तुमच्या भानगडीत मले नका घेऊ वं बायांनो." आम्ही उठलो. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "त्याच्यात अंगठा दिसते का?" दिसतो म्हटलं. मग त्यांनी दोन अटी घातल्या. लाईटबिलाचे पैसे महिन्याच्या महिन्याला पाहिजेत. आणि दर मीटिंगला सगळ्यांसमोर, त्या यंत्रातून, प्रत्येकीचा हिशोब मोठ्यानं वाचायचा, ज्यांना वाचता येतं त्यांचासुद्धा. राउटर धरून महिन्याला वीसेक युनिट होतात, आम्ही २०० रुपये देतो. दुसऱ्या अटीमुळे मीटिंग अर्ध्या तासानं लांबली आहे. पहिल्याच वाचनात दोन चुका सापडल्या, दोन्ही लिहिता येणाऱ्यांच्या.

यंत्र घरात आलं म्हणजे झालं असं नाही. पहिल्या महिन्यात काकूंचा भाचा आला, त्यानं फोन चार्ज करायला पिन काढली आणि परत लावायला विसरून गावाला गेला. बॅटरी उतरली, यंत्र बंद. मुलीनं मग एक गोष्ट सांगितली. युरोपात सर्न म्हणून मोठी संशोधन संस्था आहे. तिथे टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरचा संगणकच होता. त्यावर त्यांनी हातानं लिहून चिठ्ठी लावली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. आम्हीही लाल शाईनं चिठ्ठी लावली. मग लक्षात आलं की काकूंना ती वाचता येणार नाही. तेव्हा पिनेला लाल चिंधी बांधली. चिठ्ठी पाहुण्यांसाठी, चिंधी काकूंसाठी.

उन्हाळा आला. अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. लॅपटॉप कपाटावर ठेवला होता, स्लॅबच्या अगदी खाली. दुपारी दोन वाजता आपोआप बंद व्हायला लागला. फार तापला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. कूलरसमोर ठेवावा तर दमट हवा आणि पाण्याचे शिंतोडे. काकूंनीच तोड काढली. घरकुल बांधताना त्यांनी जुनी मधली भिंत ठेवली आहे, पांढऱ्या मातीची, हातभर जाड, आणि तिच्यात दिव्याचा कोनाडा आहे. दिवा देवघरात गेला, लॅपटॉप कोनाड्यात आला, खाली दोन विटा घालून, म्हणजे पोटाखालून हवा जाते. तेव्हापासून दुपारी बंद पडलेला नाही. समोर पातळ जाळी लावली आहे, कापसाच्या दिवसांत पऱ्हाटीची धूळ आत जाते म्हणून. उंदरानं एकदा वायर कुरतडली, आता ती पाईपातून नेली आहे. आणि कूलर वेगळ्या बोर्डावर, कारण दोन्ही एकावर असताना एकदा बोर्डानं ठिणगी टाकली होती.

सगळ्यात मोठी चूक मात्र आमच्याच हातून झाली आणि ती सांगायलाच हवी. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सर्व्हरची नक्कल हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या घरी, स्टीलच्या डब्यात ठेवतो. आग लागली, चोरी झाली, तर एक तरी वाचावी. तीन महिने आम्ही मोठ्या शिस्तीनं डिस्क नेली-आणली, रजिस्टरवर सह्या केल्या. चौथ्या महिन्यात मुलगी म्हणाली, उघडून तर बघू. उघडली तर डिस्कवर पहिल्या महिन्याचे फोटो, आणि पुढच्या दोन महिन्यांची फोल्डरं रिकामी. फोल्डरचं नाव बदललं होतं आणि नक्कल जुन्या नावालाच शोधत होती. आमच्या नशिबानं त्या दोन महिन्यांत काही बिघडलं नाही. आता दर मंगळवारी डिस्कवरून कोणत्याही एका गटाचं कोणतंही एक पान उघडून दाखवायचं, मगच सही. पान कोणतं ते काकू सांगतात. "मागच्या पोळ्याच्या महिन्याचं दाखवा," असं काहीतरी.

आणि एक प्रसंग. एका ताईंचे मालक एके दिवशी संध्याकाळी काकूंच्या दारात आले. बायकोनं गटातून किती उचललेत ते दाखवा म्हणाले. आवाज चढलेला होता. काकूंनी त्यांना पाणी दिलं, कोनाडा दाखवला आणि म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, बापू. त्याले विचारून पाहा." यंत्राचं झाकण लावलेलं, पासवर्ड रोख पेटीत. ते बसले, पाणी प्यायले आणि गेले. आम्हाला हे काकूंनी आठ दिवसांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. त्यानंतर आम्ही वायफायचा पासवर्ड बदलला. आधी तो गटाचंच नाव होता, जो गल्लीतलं कोणीही ओळखेल. डिस्कवरचा मजकूरही कुलूपबंद केला, म्हणजे डबा चोरला तरी आतलं उघडणार नाही.

सध्या चिंता आहे ती बॅटरीची. कायम चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी हळूहळू फुगते, आणि फुगलेली बॅटरी धोक्याची असते, पेट घेऊ शकते. म्हणून दर महिन्याला लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून बघतो, डुगडुगला तर समजायचं. गेल्या महिन्यात थोडा डुगडुगला. तेव्हाच बॅटरी काढून ठेवली, नवी मागवली आहे. ती येईपर्यंत लाईट गेली की सर्व्हर बंद, आणि आमच्याही तोंडी तेच वाक्य, सर्व्हर डाऊन आहे. फक्त कोणालाही उद्या या म्हणत नाही. कागदाची वही आहेच, ती आम्ही सोडलेली नाही आणि सोडणार नाही. लिहितो मात्र बॉलपेननं.

काकू आता गटात परत आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी शेळीसाठी दहा हजारांचं कर्ज घेतलं. अंगठा लावला, पानाचा फोटो निघाला, फोटो कोनाड्यात गेला, आणि पुढच्या मीटिंगला त्यांचा हिशोब वाचला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

तुमच्या गटाला बघायला यायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी तीननंतर बाळापूरला या. येताना एक पेन ड्राईव्ह आणा, जुनी भाषणं भरून देऊ. काकूंनी आधीच सांगून ठेवलंय, चपला बाहेर काढायच्या आणि लाल चिंधीला हात लावायचा नाही.